फाब्रच्या परसातलं रान

१८७० साली दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्यों शहरात एका शिक्षकाला महिन्याभरात घर रिकामं करायला सांगण्यात आलं. त्याचा गुन्हा एवढाच, की प्रौढांसाठी चालणाऱ्या संध्याकाळच्या मोफत वर्गात त्याने मुलींसमोर फुलांचं परागीभवन समजावून सांगितलं होतं. पुंकेसर, स्त्रीकेसर आणि परागकण इकडून तिकडे नेणारी मधमाशी. आज शाळेच्या पुस्तकात असतं तेवढंच. पण चर्चची मंडळी खवळली. घराच्या मालकिणी दोन वयस्कर, कर्मठ बायका होत्या आणि भाड्याचा लेखी करार नव्हता. बायकापोरं घेऊन बाहेर पडायलाही पैसे नव्हते. तेव्हा आव्हिन्योंत राहणारे इंग्रज तत्त्वचिंतक जॉन स्टुअर्ट मिल यांनी तीन हजार फ्रँक उसने दिले. ते पुढे पै न् पै फेडले गेले.

या शिक्षकाचं नाव जाँ-आंरी फाब्र. कीटकांच्या वागणुकीचा अभ्यास जगाला शिकवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं. पण आज मला त्यांच्या शोधांपेक्षा त्यांच्या परसाबद्दल लिहायचं आहे.

जन्म १८२३ चा, सेंत-लेओं नावाच्या डोंगराळ खेड्यातला. घरात कायम चणचण. वडिलांचे धंदे एकामागून एक बुडाले, तेव्हा मुलाने जत्रेत लिंबं विकली. शिष्यवृत्तीवर शिक्षकाचं प्रशिक्षण पुरं केलं, नोकरी लागली आणि बदली झाली कॉर्सिका बेटावर. तिथल्या तापाने प्रकृती खिळखिळी केली, पण तिथेच मोकाँ-तांदों हे वनस्पतिशास्त्रज्ञ भेटले. त्यांनी शिवणाच्या डब्यातली कात्री आणि दोन सुया मागून घेतल्या, पाण्याच्या ताटलीत गोगलगाय ठेवली आणि आतली रचना उलगडून दाखवली. प्रयोगशाळा नसली तरी चालतं, हे फाब्र तिथे शिकले.

पुढे एका लेखात त्यांनी वाचलं, की एक गांधीलमाशी पिल्लांसाठी बिळात भुंगेरे साठवते आणि ते मेलेले भुंगेरे कुजत नाहीत. लेखकाचा तर्क होता, की माशी त्यांच्यात काहीतरी टिकाऊ द्रव सोडत असावी. फाब्र यांनी अशाच एका माशीवर ताटकळत नजर ठेवली. तिने पकडलेले भुंगेरे मेलेले नव्हतेच. तिने मज्जातंतूंच्या गाठीजवळ नांगी मारून त्यांना लुळं केलं होतं. पिल्लाला ताजं अन्न, तेही हालचाल न करणारं. आम्हा डॉक्टरांना यात भूलशास्त्र दिसणारच. बोस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे दिली गेली ती १८४६ साली आणि फाब्र यांचा हा निबंध १८५५ चा. माशीची अचूकता त्यांनी जरा जास्तच रंगवली, असं पुढच्या संशोधकांना आढळलं. पण मूळ गोष्ट खरी ठरली, आणि डार्विननेही आपल्या १८५९ च्या ग्रंथात फाब्र यांची दखल घेतली. फाब्र यांना मात्र उत्क्रांतिवाद शेवटपर्यंत पटला नाही. तरीही दोघांचा पत्रव्यवहार सलोख्याचा होता.

घर गेल्यावर कुटुंब ओरांज गावी आलं. पाठ्यपुस्तकं लिहून गुजराण सुरू झाली. १८७७ मध्ये ज्यूल हा मुलगा गेला. कीटक शोधताना तो वडिलांच्या सोबतीला असे. फाब्र यांनी गांधीलमाश्यांच्या तीन जातींना त्याचं नाव दिलं. पुढच्या वर्षी त्यांना स्वतःला न्यूमोनिया झाला. प्रतिजैविकं यायला अजून सहा दशकं होती. पन्नाशी उलटलेला माणूस यातून उठेल असं त्या काळी कोणी छातीठोकपणे सांगितलं नसतं. ते उठले. मग घरमालकाने दारासमोरची चिनारासारखी सावली देणारी झाडं छाटून टाकली. आता भाड्याचं घर नको, असं ठरलं.

१८७९ मध्ये पुस्तकांच्या कमाईतून सेरिन्याँ गावाबाहेर साधारण एक हेक्टर जमीन घेतली. तिकडच्या बोलीत अशा जागेला ‘आर्मास’ म्हणतात. दगडगोट्यांची, पीक येत नाही म्हणून सोडून दिलेली जमीन. कोणी फुकट घेतली नसती. फाब्र यांना चाळीस वर्षं हवी होती ती नेमकी अशीच.

इथे त्यांनी काय केलं, यापेक्षा काय केलं नाही ते बघा. काटेरी झुडपं उपटली नाहीत, कारण उन्हाळ्यात त्यांच्या फुलांवर माश्या तुटून पडत. आधीच्या मालकाने द्राक्षवेलींसाठी जमीन खणताना रानओवा आणि लॅव्हेंडर नाहीसं केलं होतं. ते मात्र त्यांनी मुद्दाम परत लावलं. गवंडी कुंपणाची भिंत बांधत होते, त्यांचे दगडांचे आणि वाळूचे ढीग महिनोन् महिने पडून राहिले. दगडांच्या फटी मातीची घरं बांधणाऱ्या माश्यांनी बळकावल्या, वाळूत गांधीलमाश्यांनी बिळं केली. पानं गोल कापून नेणाऱ्या माश्या आल्या, झुडपांच्या देठांवरची लव खरवडून पिल्लांसाठी कापसाची गादी करणाऱ्या आल्या. काहींनी गोगलगायीच्या रिकाम्या शंखात संसार थाटला. घरासमोरच्या छोट्या तळ्यावर बेडूक जमले, झाडांवर पाखरं आणि एक पिंगळा. भिंत पुरी झाली आणि ढीग हलवले गेले, तेव्हा त्या रहिवाशांना बेघर व्हावं लागलं. फाब्र यांना ते लागलं असणार. बेघर होणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं.

गांधीलमाश्या जेवणाच्या टेबलावर येत, कुटुंब त्यांना येऊ देई. हे वाचताना वाचकांच्या अंगावर काटा येईल, म्हणून डॉक्टर या नात्याने थोडं सांगतो. जगातल्या बहुतेक मधमाश्या पोळं करून राहत नाहीत. एकेकटी मादी जमिनीत, पोकळ काडीत किंवा भिंतीच्या फटीत घर करते. राखायला पोळं नाही, म्हणून ती हल्लाही करत नाही. चिरडली तरच डसते. आपल्या भिंतीवर मातीचं घर बांधणारी कुंभारीण याच स्वभावाची. जपायचं ते आग्या मोहोळाला. ते परसात धरलं तर दगड मारायचा नाही, खाली धूर करायचा नाही, जाणकाराला बोलवायचं. मधमाशी डसलीच तर नांगी लगेच खरवडून काढा, बर्फ लावा. ओठ किंवा जीभ सुजली, अंगभर पित्त उठलं, श्वास लागला, चक्कर आली किंवा खूप माश्या डसल्या, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. तिथे ॲड्रिनलिनचं इंजेक्शन मिळतं, आणि उशीर झाला तर जीव जाऊ शकतो.

सुरवंटांच्या खाजेचा प्रयोग तर फाब्र यांनी स्वतःवरच केला. पाइन वृक्षावरचे केसाळ सुरवंट हाताळले की अंगाला आग लागते. कारण केसांचं टोक नुसतं टोचतं एवढंच, की आणखी काही? त्यांनी केस ईथरमध्ये भिजवले, ते द्रावण टिपकागदात मुरवून स्वतःच्या हातावर बांधलं. रात्रभर खाज, सूज, मग कातडीतून पाणी. म्हणजे केसात विषही होतं. आजच्या कुठल्याही नीतिसमितीने याला परवानगी दिली नसती. आपल्या शेवग्यावर असेच केसाळ सुरवंट येतात. अंगावर पडले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून केस उचलून घ्या आणि मग साबणाने धुवा.

एकदा मे महिन्यात सकाळी मोठ्या मोर-पतंगाची एक मादी कोशातून बाहेर आली. त्यांनी तिला जाळीच्या झाकणाखाली ठेवलं. रात्री धाकटा मुलगा ओरडत आला, खोलीत पाखरांएवढे पतंग भरलेत म्हणून. अंधारातून, झाडीतून वाट काढत चाळीसेक नर आले होते. फाब्र यांनी वर्षानुवर्षं जाळ्या, काचा, डबे बदलून पाहिलं आणि हा माणसाला न जाणवणारा वास असावा, या निष्कर्षापाशी आले. असा पहिला वास रेशीमपतंगाच्या मादीपासून रसायनशास्त्रज्ञांनी वेगळा काढला तो १९५९ मध्ये. आज पिकावरच्या किडींसाठी शेतकरी जे कामगंध सापळे लावतात, ते याच ज्ञानावर.

हे सगळं एका हेक्टरात. आपल्याकडे परस असलाच तर दोन-चार गुंठ्यांचा, नाहीतर गॅलरीतल्या कुंड्या. तरी फाब्र यांची रीत तिथेही चालते. तुळस फुलावर येऊ द्यावी, मंजिऱ्या सगळ्या खुडू नयेत. कोथिंबीर आणि बडीशेप थोडी फुलोऱ्यावर सोडावी. एक कोपरा फरशीविना उघडा ठेवावा. फुलं उमललेली असताना कीटकनाशक फवारू नये. पाण्याची उथळ ताटली ठेवावी, पण ती रोज ओतून घासावी, नाहीतर त्यात डेंगीच्या डासांची अंडी वाढतील. फाब्र यांच्या तळ्याची नक्कल करायची असेल तर त्यात गप्पी मासे हवेतच.

पहिली पत्नी १८८५ मध्ये गेली. दोन वर्षांनी त्यांनी दुसरं लग्न केलं आणि साठी ओलांडल्यावर पुन्हा लहान मुलांचे बाप झाले. कीटकांच्या आठवणींचे दहा खंड १८७९ ते १९०७ या काळात निघाले. कीर्ती फार उशिरा आली. १९१३ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वांकारे भेटायला दारात आले, तेव्हा फाब्र नव्वदीला टेकले होते. १९१५ च्या मे महिन्यात त्यांना चालवत नव्हतं. घरच्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि उचलून परसातून एक फेरी मारून आणलं. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला आर्मासमधल्या घरीच ते गेले.