गुस्ताव माहलर : रक्ताच्या एका तपासणीने सांगितलेले सत्य

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, पाश्चात्त्य संगीतात गुस्ताव माहलर हे फार मोठे नाव. पण आज मी त्यांच्या संगीतापेक्षा त्यांच्या शेवटच्या आजाराबद्दल जास्त सांगणार आहे. आठवी-नववीला सूक्ष्मजीव शिकवताना ही गोष्ट नक्की सांगा, मुलं कान देऊन ऐकतात.

माहलर यांचा जन्म ७ जुलै १८६० रोजी बोहेमियातील कालिश्ते या खेड्यात, एका ज्यू कुटुंबात झाला. बरीच भावंडं लहानपणीच गेली. पुढे १८९७ ते १९०७ अशी दहा वर्षे ते व्हिएन्नाच्या राजदरबारी ऑपेराचे संचालक होते. १९०७ साल मात्र वाईट गेले. थोरली मुलगी मारिया आजारपणात गेली आणि पाठोपाठ डॉक्टरांना माहलर यांच्या हृदयाच्या झडपेत दोष सापडला.

त्यानंतर ते न्यूयॉर्कला गेले. २१ फेब्रुवारी १९११ रोजी अंगात ताप असतानाही त्यांनी कार्नेगी हॉलमध्ये वाद्यवृंदाचे संचालन केले. तो त्यांचा शेवटचा कार्यक्रम. ताप काही उतरेना. तेव्हा माउंट सायनाय रुग्णालयाचे डॉ. इमॅन्युएल लिबमन यांना बोलावले. त्यांचे तरुण सहकारी जॉर्ज बेअर यांनी रक्त काढून जंतूंना पोषक अशा द्रावणात आणि बशांत वाढवायला ठेवले. चार-पाच दिवसांनी स्ट्रेप्टोकॉकस व्हिरिडान्स हे जिवाणू भरभरून वाढलेले दिसले. झडपेलाच संसर्ग झाला होता!

यालाच ब्लड कल्चर म्हणतात. आजही पहिली तपासणी हीच, कारण जिवंत जंतू हाती आला की कोणते औषध त्याला मारते तेही तपासता येते. पण रक्त घेण्याआधीच प्रतिजैविक पोटात गेले असेल, तर जंतू असूनही वाढत नाहीत. (तापात घरात उरलेल्या गोळ्या देणाऱ्या पालकांनो, हे जरा लक्षात घ्या.) शिवाय बार्टोनेला, कॉक्सिएला यांसारखे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये उगवतच नाहीत. अशा वेळी पीसीआरसारखी रेणवीय चाचणी रक्तात किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या झडपेच्या तुकड्यात जंतूचा डीएनए शोधते. तिची अडचण वेगळी. मेलेल्या जंतूचाही डीएनए सापडतो आणि औषधाबद्दल ती फारसे सांगत नाही. म्हणून माझ्या मते एक चाचणी आली म्हणून दुसरी मोडीत काढायची नसते.

माहलर यांच्या बाबतीत निदान अचूक होते, औषधच नव्हते. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून सतरा वर्षे होती. त्यांनी डॉक्टरांकडून खरे ते ऐकून घेतले आणि व्हिएन्नाला जाऊन मरायचे ठरवले. वाटेत पॅरिसला उपचार झाले, पण उपयोग झाला नाही. १८ मे १९११ रोजी व्हिएन्नात, वयाच्या पन्नासाव्या वर्षी ते गेले. ग्रिन्त्सिंगच्या दफनभूमीत मारियाजवळच त्यांना पुरले. दगडावर त्यांच्या इच्छेप्रमाणे फक्त नाव आहे.