पडद्यावरचे मुख्याध्यापक

आचार्य अत्रे म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पोट दुखेपर्यंत हसवणारी भाषणं, ‘मराठा’तले जळजळीत अग्रलेख आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. आमच्या नागपुरात तर त्यांचं नाव निघालं की वेगळ्या विदर्भाचा वादही हमखास निघतो आणि पानातलं वरण गार होऊन जातं! या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मात्र मागे राहून जाते. अत्रे मुळात शिक्षक होते आणि मला वाटतं, सिनेमा काढतानाही ते शिक्षकच राहिले.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८चा, सासवडजवळच्या कोढीतचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते शिक्षकी पेशात शिरले आणि पुढे पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. शाळेत मुलं यायची ती कॅम्पातल्या गरीब, कष्टकरी घरांतली. १९२८ साली त्यांनी लंडनला जाऊन अध्यापनाची पदविका घेतली. परत आल्यावर आगरकरांच्या नावाने मुलींची शाळा काढली. ज्या काळात मुलीला चार इयत्ता झाल्या की पुरे म्हणत, तेव्हाची ही गोष्ट, बरं का!

त्यांची ‘नवयुग वाचनमाला’ आपल्या आईच्या, मावशीच्या पिढीने वाचली. रुक्ष उपदेशाऐवजी मुलांना कळेल, आवडेल अशी भाषा त्यांनी धड्यांत आणली. त्यातला ‘दिनूचे बिल’ हा धडा अजूनही अनेकींना आठवतो. बिल म्हणजे काय ते कळल्यावर छोटा दिनू आपण केलेल्या बारीकसारीक कामांचं बिल आईला देतो. आई त्याला पैसे तर देतेच, पण सोबत आपलंही बिल ठेवते. वाढवलं, जेवू घातलं, आजारपणं काढली, आणि या सगळ्याची रक्कम शून्य!

लहानपणी या धड्याने डोळ्यांत पाणी यायचं. आता वस्तीतल्या बायांचे फॉर्म भरताना मला तो वेगळाच आठवतो. ‘तुम्ही काय काम करता?’ या प्रश्नाला पहाटे चारला पाण्याच्या रांगेत उभी राहणारी बाई सहज सांगते, काही नाही जी, घरीच असते. २०११च्या जनगणनेतही फक्त घरकाम करणारी बाई काम न करणाऱ्यांतच मोजली गेली. आईने प्रेमाने लिहिलेलं शून्य सगळ्यांनी खरंच शून्य धरलं! पण निदान ती कामं एकेक करून मोजायची असतात, हे एका शिक्षकाने पाठ्यपुस्तकात लिहून ठेवलं होतं, हे काही कमी नाही.

नाटकांतही त्यांचं लक्ष घराकडेच होतं. १९३४च्या ‘घराबाहेर’मध्ये निर्मला उंबरठा ओलांडते. १९३६च्या ‘उद्याचा संसार’मध्ये वरून प्रतिष्ठित दिसणारं घर आतून कसं पोखरलेलं असतं, ते दिसतं. १९६२चं ‘तो मी नव्हेच’ तर लग्नाच्या नावाखाली बायकांना फसवणाऱ्या एका खऱ्या भामट्याच्या खटल्यावरून लिहिलेलं. आपण प्रभाकर पणशीकरांच्या वेशांतरांना टाळ्या वाजवतो. पण साक्षीला उभ्या राहिलेल्या त्या बायकांकडे बघा. समुपदेशन केंद्रात अशा मुली आजही येतात, फक्त आता ओळख मोबाइलवर झालेली असते.

सिनेमाशी त्यांचं नातं जुळलं ते मास्टर विनायकांसाठी कथा-पटकथा लिहिताना. १९३८च्या ‘ब्रह्मचारी’ने लोकांना भरपूर हसवलं. मग १९४१ साली स्वतःच्या संस्थेतर्फे त्यांनी ‘पायाची दासी’ काढला. त्यातल्या वनमाला ग्वाल्हेरकडच्या, शिकलेल्या आणि अत्र्यांच्याच आगरकर हायस्कुलात शिकवलेल्या. पुढे याच शिक्षिका पडद्यावर महाराष्ट्राची आई झाल्या.

तो चित्रपट म्हणजे १९५३चा ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक. गुरुजीही शिक्षक, अत्रेही शिक्षक आणि कथेतली आई तर दोघांहून मोठी शिक्षिका. तिच्याकडे खडू नाही, फळा नाही. पोहायला घाबरणाऱ्या पोराला ती फोक घेऊन विहिरीवर धाडते, कारण त्याला लोकांनी भित्रा म्हटलेलं तिला चालत नाही. पाय मळू नयेत म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामला, मनही तसंच जप, असं ती सहज सांगून जाते. गरिबी आहे, कर्ज आहे, आजारपण आहे, तरी तिची शाळा काही सुटत नाही. माधव वझे यांचा श्याम, वसंत देसाईंचं संगीत आणि द्रौपदीच्या चिंधीवरचं आशाबाईंच्या आवाजातलं गाणं. तेही अत्र्यांचंच. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले आणि १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं ते या मराठी चित्रपटाला. तसा मान पुन्हा मराठीकडे यायला ‘श्वास’पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं वाट बघावी लागली.

काही मैत्रिणी म्हणतात, हा रडका सिनेमा. आम्ही वस्तीतल्या महिला मंडळात तो लावला तेव्हा बाया रडल्या, हे खरं. पण नंतर चर्चा झाली ती कर्जाची. सावकार दारात आला की घरातल्या बाईचा जीव कसा जातो, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

त्यानंतर लगेच, १९५४ सालीच, अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ काढला. बाबुराव पेंढारकर जोतिराव आणि सुलोचनाबाई सावित्री. आपल्या विदर्भाच्या गाडगेबाबांचं कीर्तनही त्यात आहे. त्यालाही राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. एका शिक्षकाने देशातल्या आपल्या थोरल्या शिक्षक-दांपत्याला केलेला तो नमस्कार होता. १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा देऊन बाबासाहेब दोन महिन्यांतच गेले, तेव्हा दादरच्या चौपाटीवर त्यांना निरोप देणारं भाषण करायलाही अत्रेच उभे होते.

त्यांच्या लेखणीने अनेकांना बोचकारलं, काहींना तर फारच. ते सगळं आवडून घ्यायलाच हवं असं नाही. १३ जून १९६९ रोजी ते गेले. ते वाद आता जुने झाले. ‘श्यामची आई’वर मात्र २०२३ साली पुन्हा नवा चित्रपट निघाला आणि त्यालाही मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या सुट्टीत मुलांना घेऊन अत्र्यांचा जुना, काळापांढरा चित्रपट नक्की बघा. आणि चित्रपट संपला की मुलांना एक कागद देऊन घरात दिवसभरात कोण कोणतं काम करतं ते लिहायला सांगा. पुढे रक्कम मात्र त्यांनाच घालू द्या.