गोखल्यांचे हिशेबाचे गुरू

आपल्या वर्गातले पुष्कळजण आज बँकेत किंवा करसल्ल्याच्या कामात आहेत, म्हणून ही आठवण.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ चा, कोतळूकचा. वडील लवकर गेले. शिक्षण थोरल्या भावाच्या पगारावर झाले. १८८४ मध्ये पदवी घेऊन ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले. पुण्यातच न्यायमूर्ती रानडे भेटले. रानडे १८८६ च्या सरकारी वित्त समितीवर होते. त्यांनी या तरुण मास्तरांना सरकारी अहवाल वाचायला लावले, लिहिलेले पुन्हा लिहायला लावले. कौतुक मात्र मोजकेच.

दुसरे गुरू गणेश व्यंकटेश जोशी, सरकारी शाळेतले शिक्षक. आकडेवारीत त्यांचा हात धरणारे थोडे. १८९७ ला गोखले वेल्बी आयोगापुढे साक्षीला विलायतेस गेले, तेव्हा तयारी जोशींनी करून घेतली होती.

१९०१ मध्ये रानडे गेले. पुढच्याच वर्षी कलकत्त्याला अर्थसंकल्पावर गोखले बोलले. सरकार शिल्लक मिरवत होते. दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला म्हणून ती उरली, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

त्या भाषणामागेही जोशी मास्तरांची मेहनत होती. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे नाव वाचल्याचे मला तरी आठवत नाही.