डॉ. विल्यम केरी व त्यांचे उणेपण

खेड्यांतील मंडळ्यांस भेटी देत असता आम्हांस एक गाऱ्हाणे पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. दिवसभर उत्साहाने काम करणारा एखादा प्रामाणिक उपदेशक रात्री जेवणे झाल्यावर आम्हांजवळ येऊन बसतो व हळूच सांगतो की, आपण या कामास योग्य नाही. एकाची जीभ जड असते. दुसऱ्याच्या हातून पूर्वी काही लबाडी घडलेली असते, आणि ती साऱ्या गावास ठाऊक असते. तिसऱ्याचा मुलगा वाईट वळणास लागलेला असतो, व ज्याचे स्वतःचे घर धड नाही त्याने चारचौघांत उभे राहून काय उपदेश करावा, असे त्यास वाटते. अशा बंधूंस आम्ही मोशे व पेत्र यांची आठवण देतो; पण ती शास्त्रातील माणसे त्यांस फार दूरची वाटतात. म्हणून या वेळी आम्ही अलीकडच्या काळातील एका सेवकाची हकिकत देतो. आपल्या मराठी भाषेत छापलेला पहिला संपूर्ण नवा करार ज्यांच्या परिश्रमाने निघाला, ते हे डॉ. विल्यम केरी.

केरी यांचा जन्म इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टन परगण्यात पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी झाला. बाप विणकर होता, व पुढे तो गावच्या शाळेचा मास्तर झाला. मुलास उन्हात काम केल्याने कातडीचा विकार होई, म्हणून शेतावरचे काम सुटले आणि पिडिंग्टन गावी जोडे करणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली त्यास उमेदवारीस ठेवण्यात आले. आपल्या देशात या धंद्यावर जो विटाळाचा कलंक लादला गेला तो तिकडे नव्हता. तरी धंदा गरिबाचाच.

याच दिवसांत ती खोट्या शिलिंगाची गोष्ट घडली. नाताळच्या सुमारास उमेदवारी करणाऱ्या पोरांस ओळखीचे व्यापारी काही नाणी देत, आपल्याकडे दिवाळीची पोस्त देतात तशी. नॉर्दॅम्प्टन शहरातील लोखंडी सामानाच्या एका दुकानदाराने विल्यमपुढे सहा पेन्सांचे नाणे व शिलिंग अशी दोन नाणी धरली आणि हवे ते घेण्यास सांगितले. पोराने अर्थात शिलिंग उचलला. मालकाची खरेदी करण्यास तो गावात आलाच होता. त्याने स्वतःकरिताही काही वस्तू घेतल्या, आणि पैसे देऊ लागला तेव्हा कळले की, मिळालेला शिलिंग खोटा आहे. तेव्हा त्याने मालकाच्या पैशांतला खरा शिलिंग देऊन आपली खरेदी भागविली, व खोटे नाणे मालकाच्याच पैशांत होते असे सांगण्याचे मनाशी ठरविले. घरी जाताना वाटेत शेतांमधून चालत असता त्याने देवाची प्रार्थना केली की, एवढी लबाडी पचू दे, म्हणजे पुढे मी सारे वाईट सोडून देईन. वाचकहो, असली प्रार्थना आपल्यापैकी कोणीच कधी केली नाही, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

लबाडी पचली नाही. मालकास संशय आला. त्याने दुसऱ्या उमेदवारास दुकानदाराकडे चौकशीस पाठविले आणि सर्व उघडकीस आले. लाजेने विल्यमची अशी दशा झाली की, रस्त्याने जाणारा प्रत्येक मनुष्य आपल्याविषयीच बोलत आहे असे त्यास वाटे, व पुष्कळ दिवस तो मंदिरातही जाईना. पुढे त्यांनी स्वतःच ही हकिकत लिहून ठेविली. ती त्यांना झाकता आली असती, कारण तोपर्यंत ती कोणाच्या स्मरणातही नसावी. परंतु आपण स्वभावाने केवढे पापी आहो याची खरी ओळख आपणांस येथेच पटली, व तारणाऱ्याची गरज येथेच कळली, असे ते मानीत. त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा उमेदवार होता. वादात विल्यम त्यास हटवी, कारण शेवटचा शब्द आपला असावा अशी त्याची खोड होती. पण घरी गेल्यावर वॉरचेच म्हणणे खरे, असे त्याचे मन त्यास सांगे. अशा रीतीने तो ख्रिस्ताकडे आला, आणि ऑक्टोबर १७८३ मध्ये नॉर्दॅम्प्टन येथे नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला.

यानंतर तरी वाट सोपी झाली असेल, असे कोणी समजू नये. १७८५ साली ओल्नी येथील मंडळीपुढे केरींनी परीक्षेचा उपदेश केला, तो लोकांस पसंत पडला नाही. आणखी काही काळ पाहू, असे ठरून त्यांस एक वर्षाहून अधिक थांबावे लागले. १७८६ च्या ऑगस्टात त्यांस उपदेश करण्याची मोकळीक मिळाली. मोल्टन येथे त्यांनी शाळा घातली, तीही नीट चालली नाही. पोरे त्यांस जुमानीत नसत. आपण शाळा चालवीत नव्हतो, शाळाच आपणांस चालवीत होती, असे पुढे ते हसून कबूल करीत. पोट भरावे म्हणून पुन्हा आरी व दाभण हाती घ्यावे लागले. शेजारी पुस्तक उघडे ठेवून जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक व इब्री या भाषा शिकून घेतल्या. आपल्या अंगी मोठी बुद्धी आहे असे ते कधीच म्हणाले नाहीत. एकदा धरलेले काम न सोडता पाय ओढीत का होईना पुढे नेणे, एवढाच एक गुण ते आपल्या पदरी घेत.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे मिशनरी मंडळी स्थापन झाली. त्या दिवशी गोळा झालेली वर्गणी फक्त १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स होती. पुढल्याच वर्षी केरी हिंदुस्थानास निघाले. येथे एक दुःखाची गोष्ट आम्हांस सांगितलीच पाहिजे. त्यांची पत्नी डोरोथी हिला यावयाचे नव्हते. ती खेड्यातली साधी बाई. लग्नाच्या नोंदीत तिला सहीसुद्धा करता आली नव्हती. पदरी लहान मुले, त्यांत एक नुकते जन्मलेले. प्रथम केरी तिला मागे ठेवूनच निघाले होते. जहाजाच्या परवान्याची अडचण येऊन खोळंबा झाला, तेव्हा पुन्हा आग्रह झाला, आणि बहीण बरोबर येणार असेल तर येते असे ती म्हणाली. ११ नोव्हेंबर १७९३ रोजी ही सारी मंडळी कलकत्त्यास उतरली. पुढच्या वर्षी पाच वर्षांचा पीटर तापाने वारला. डोरोथीचे मन त्या आघातातून सावरले नाही. तिला वेड लागले, आणि १८०७ साली मरेपर्यंत ते गेले नाही. शेजारच्या खोलीत तिचा आक्रोश चालू असे व केरी भाषांतर करीत बसत. कित्येक चरित्रकार या बाईस दोष देतात. आम्हांस ते रुचत नाही. केरींच्या उत्साहाची किंमत तिने भरली, आणि तिचे मन वेळीच ओळखण्यात केरी चुकले, असे आम्हांस वाटते. तरी त्यांनी तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकले नाही, अखेरपर्यंत घरीच सांभाळले, हेही खरे.

त्या पहिल्या वर्षांत त्यांनी लिहिलेली रोजनिशी वाचली म्हणजे मन भरून येते. मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर नोकरी, जवळ विश्वासू मित्र नाही, घरात ही अवस्था, आणि सात वर्षे बोध करूनही एकही हिंदी मनुष्य बाप्तिस्म्यास पुढे आलेला नाही. आपले अंतःकरण थंड आहे, आपण आळशी आहो, आपल्यासारख्या मनुष्याकडून देवाचे काम बिघडेलच, असे विचार त्या पानांवर वारंवार येतात. आमचा रात्री येणारा उपदेशक हाच नव्हे काय? भेद एवढाच की, असे लिहून झाल्यावर सकाळी केरी उठत आणि बंगाली शुभवर्तमानाचा पुढला अध्याय हाती घेत. योग्य झाल्यावर काम करू म्हणून ते थांबले नाहीत. आपण अयोग्य आहो हे ख्रिस्तास आधीच ठाऊक होते व तरी त्याने बोलाविले, यावर त्यांनी आपला भार टाकला.

१८०० सालच्या जानेवारीत ते श्रीरामपुरास गेले. हे श्रीरामपूर आपल्या नगरकडले नव्हे; बंगाल्यात हुगळी नदीच्या तीरावरील हे गाव त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात होते. येथे त्यांस मार्शमन व वॉर्ड हे दोघे सोबती मिळाले, आणि केरींच्या उणेपणास झाकण मिळाले असे म्हटले तरी चालेल. केरींना मुलांस शिस्त लावता येत नसे. मुलांचे चुकते हे त्यांस दिसे, त्याचे वाईटही वाटे, पण कठोर शब्द तोंडातून निघत नसे. आई वेडी, बाप कामात बुडालेला. मुले मोकाट झाली होती. त्यांस मार्शमनबाईंनी आईप्रमाणे जवळ केले व वॉर्ड यांनी थोरल्या फेलिक्सला हाती धरून वळणावर आणले. हे केरींनी मुकाट्याने घडू दिले. आपल्या घरातली उणीव दुसऱ्याने भरून काढावी, हे सोसणे पुष्कळ पाळकांस जड जाते. त्यांस गेले नाही. १८०१ पासून फोर्ट विल्यम कॉलेजात शिकविण्याबद्दल त्यांस महिना ५०० रुपये मिळू लागले, तेही सर्वांच्या सामाईक पेटीत जात.

२८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हुगळी नदीत बाप्तिस्मा झाला. त्याच पाण्यात केरींनी आपल्या फेलिक्सलाही बाप्तिस्मा दिला. सात वर्षांनी लाभलेला हा आनंदाचा दिवस. परंतु त्याच वेळी इकडे डोरोथी कोंडलेल्या खोलीत ओरडत होती, आणि ज्यांनी कृष्ण पालाचा निखळलेला हात बसविला होता ते डॉ. थॉमस हर्षाने भान जाऊन वेडे झाले होते. देवाच्या कामाचे दिवस असेही उजाडतात.

आपल्या भाषेशी केरींचा संबंध कॉलेजात आला. १८०५ साली त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण छापिले, त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान निघाले, १८१० साली कोश झाला व १८११ साली नवा करार पुरा झाला. वैजनाथ नावाचे पंडित या कामी त्यांस साह्य करीत. केरींनी महाराष्ट्र कधी पाहिला नव्हता. त्यामुळे ती मराठी इकडच्या लोकांस परकी वाटे, आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांस सर्व भाषांतर नव्याने करावे लागले. त्यांचा नवा करार १८२६ साली पुरा झाला. मग केरींचे श्रम वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. आरंभ कोणीतरी करावयाचा होता. आपल्या कामात चुका आहेत हे केरी जाणून होते. बंगाली शास्त्राची दुरुस्ती तर ते म्हातारपणी, १८३२ पर्यंत, करीतच होते.

११ मार्च १८१२ च्या रात्री श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, खिळे, व्याकरणांची हस्तलिखिते व अनेक भाषांच्या मोठ्या कोशाचे काम जळून गेले. केरी कलकत्त्यात होते. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी राख पाहिली. वितळलेले शिसे उकरून नवे खिळे ओतण्यास लगेच आरंभ झाला, व जे लिखाण गेले ते त्यांनी पुन्हा लिहावयास घेतले. पुढे विलायतेतील मंडळीशी मालमत्तेवरून व कारभारावरून वाद झाला, तो १८२७ साली वेगळे होण्यापर्यंत गेला. त्या वादात दोन्हीकडे चूक होती, एवढे सांगून आम्ही तो विषय सोडतो.

केरी मोठे झाले, विद्वानांत त्यांचे नाव झाले, तरी उगम ते विसरले नाहीत. गव्हर्नर जनरलच्या मेजवानीत एका अधिकाऱ्याने दुसऱ्यास विचारले की, हे पूर्वी जोडे करणारे होते ना. ते केरींच्या कानी पडले. त्यांनी पुढे होऊन सांगितले की, नवे जोडे करणारा नव्हे, फाटके शिवणारा. १७ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांस सत्तर वर्षे पुरी झाली. त्या दिवशी आपल्या मुलास लिहिताना त्यांनी केलेल्या कामाची यादी दिली नाही. देवाची दया किती झाली, आणि मागे पाहता आपणांस धुळीत मान घालण्याजोगे किती आहे, हेच त्यांनी लिहिले. आळस, थंडपणा, हातून राहिलेली कर्तव्ये यांचा त्यांत उल्लेख आहे. चाळीसच्या आसपास भाषांत शास्त्राचा काही ना काही भाग ज्या छापखान्यातून निघाला, तेथल्या या म्हाताऱ्याने आपणांस आळशी म्हणावे याचे वाचणारास हसू येईल. पण ते मनापासून लिहिलेले आहे. त्यात निराशा मात्र नाही. आपली आशा ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तावर आहे, असे सांगून ते पुढच्या कामाकडे वळतात.

अखेरच्या आजारात तरुण मिशनरी डफ त्यांस भेटावयास आले व केरींच्या कार्याविषयी बोलू लागले. निघताना केरींनी त्यांस परत हाक मारून क्षीण स्वरात विनविले की, मी गेल्यावर केरीविषयी बोलू नका, केरीच्या तारणाऱ्याविषयी बोला. ९ जून १८३४ रोजी पहाटे ते वारले. दुसरी पत्नी शार्लट हिच्या कबरेजवळ आपणांस पुरावे, आणि तिच्याच दगडावर आपले नाव, जन्माची व मरणाची तारीख व एका जुन्या गीताच्या दोन ओळी कोराव्या, याहून अधिक काही नको, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेविले होते. त्या ओळींत एक दीन, निराधार जीव ख्रिस्ताच्या हातांवर अंग टाकतो. श्रीरामपूरच्या कबरस्तानात त्या दगडावर तेवढेच कोरले आहे.