राज्य नसलेला राजपुत्र

इतिहासाच्या पुस्तकांत राजपुत्र पुष्कळ भेटतात. पण राज्य नाही, सिंहासन नाही, आणि तरीही स्वतःच स्वतःला राजपुत्र ठरवून त्या भांडवलावर आयुष्य काढणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. तो म्हणजे इंग्लंडच्या रेसकोर्सवर गाजलेला टिपस्टर रास प्रिन्स मोनोलुलू. शर्यतीपूर्वी पैसे घेऊन जिंकणाऱ्या घोड्याचे नाव सांगणारा तो टिपस्टर.

त्याचे खरे नाव पीटर कार्ल मॅके. जन्म १८८१ मधला, वेस्ट इंडीजमधील सेंट क्रॉय बेटावरचा. हे बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि तिथली गुलामगिरी १८४८ मध्ये, म्हणजे त्याच्या जन्माआधी अवघी ३३ वर्षे, संपली होती. घरात घोडे पाळण्याचा व पळवण्याचा व्यवसाय. तेव्हा घोड्यांचे वेड बालपणापासूनचेच. तरुणपणी बोटीवर असताना बरी वागणूक मिळावी म्हणून आपण राजपुत्र असल्याचे ठोकून दिले, असे तो पुढे सांगत असे. त्याच धाडसाने त्याने अबिसिनियातील फलाशा जमातीचे सरदारपदही स्वतःला बहाल करून टाकले. १९०२ च्या सुमारास तो इंग्लंडला आला. पहिल्या महायुद्धात जर्मनीत सापडला आणि बर्लिनजवळच्या रूलेबेन छावणीत कैदेत राहिला.

त्याचे नशीब उघडले ते १९२० साली, एप्समच्या डर्बीत. स्पिअन कॉप या घोड्याचा भाव होता सहाला शंभर. फारसे कोणी त्याच्याकडे वळत नव्हते. मोनोलुलूने पैसे लावले, घोडा जिंकला आणि त्याच्या पदरात सुमारे ८,००० पौंड पडले. त्या काळी ही रक्कम म्हणजे घबाडच! तेव्हापासून डोक्यावर शहामृगाच्या पिसांचा तुरा, अंगावर रंगीबेरंगी झगा आणि हातात भलीमोठी छत्री, अशा थाटात तो मैदानात उभा राहू लागला. आपल्यापाशी घोडा आहे अशी त्याची आरोळी घुमली की गर्दी आपोआप जमे. १० शिलिंग मोजावेत, बंद पाकीट घ्यावे आणि आतले नाव कोणाला सांगू नये. सांगितले तर घोडा हरेल, ही त्याची ताकीद!

या ताकिदीत केवढे शहाणपण आहे पाहा. गिऱ्हाइकांनी आपापली पाकिटे ताडून पाहू नयेत, याची ती सोयच होती. शिवाय घोडा हरला तर दोष टिपस्टरचा की फुटलेल्या गुपिताचा, हे कोण ठरवणार? बुकी आपल्या नफ्याचा वाटा भावातच धरून ठेवतो. म्हणून वर्षाचा हिशेब मांडला तर बहुतेक पंटर बुडालेलेच दिसतात. टिपस्टरची मिळकत मात्र घोडा पळण्यापूर्वीच खिशात पडते. मोनोलुलू घोडा विकत नव्हता, दहा मिनिटांची आशा विकत होता.

मग त्याला लबाड म्हणून मोकळे व्हावे काय? मला तसे वाटत नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये काळ्या माणसाला धड नोकरी मिळणे दुरापास्त होते. लोक त्याच्याकडे टक लावून पाहणार, हे ठरलेलेच. त्या नजरांनी खाली मान न घालता मोनोलुलूने त्यांचेच पैसे वसूल केले. वार्तापटांतून त्याची छबी देशभर पोचली आणि तो तिथला बहुधा सर्वांत प्रसिद्ध काळा माणूस ठरला. पण या प्रसिद्धीची किंमतही त्याने मोजली. टाळ्या मिळाल्या त्या राजपुत्राला. पीटर मॅकेची विचारपूस कोणी केली नाही. तुरा उतरवून साध्या कोटात उभा राहिला असता, तर त्या गर्दीने त्याला क्षणभर तरी थांबून ऐकले असते का?

१४ फेब्रुवारी १९६५ रोजी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. भेटीला आलेल्या पत्रकाराने दिलेले चॉकलेट घशात अडकले, असे सांगतात. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला. तोही सार्वजनिक जागांपुरताच होता. नोकरीतल्या भेदभावाला बंदी यायला १९६८ साल उजाडले. मोनोलुलूने त्याची वाट पाहिली नाही. कायदा जो मान देत नव्हता, तो त्याने एका तुऱ्याच्या आणि खणखणीत आवाजाच्या बळावर मिळवला. त्याने सांगितलेले घोडे किती जिंकले, याचा हिशेब मी म्हणूनच मांडत बसत नाही.