विश्लेषण : केंब्रिजची फेलोशिप ते फर्ग्युसनचे प्राचार्यपद... रँग्लर परांजपे कसे घडले?

प्राध्यापकांमधून प्राचार्य आणि कुलगुरू घडावेत म्हणून आज खास फेलोशिप आणि प्रशिक्षण कार्यक्रम आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी असे काही नव्हते. तरीही दापोलीजवळच्या मुर्डी गावातला मुलगा केंब्रिजचा फेलो झाला आणि २६व्या वर्षी पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयाचा प्राचार्य बनला. त्याला कोणत्या व्यवस्थेने घडवले आणि त्याची किंमत काय होती?

रँग्लर परांजपे कोण होते?

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी येथे झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे नात्यातले थोरले भाऊ. रघुनाथची गणितातली चमक कर्वे यांनी ओळखली आणि त्याच्या शिक्षणाला आधार दिला. पुढे परांजपे फर्ग्युसनमध्ये शिकले. कर्वे तेथेच गणित शिकवत होते.

१८९६ मध्ये भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले.

‘रँग्लर’ म्हणजे नेमके काय?

केंब्रिजमध्ये गणिताच्या ‘ट्रायपॉस’ परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणतात. त्या काळी निकाल गुणानुक्रमे जाहीर होत आणि पहिला येणारा ‘सिनियर रँग्लर’ ठरे. (गुणानुक्रमे निकाल लावण्याची ही पद्धत १९०९ नंतर बंद झाली.) हा मान मिळवणाऱ्याचे नाव इंग्लंडभर गाजत असे.

१८९९ मध्ये परांजपे आणि जॉर्ज बर्टविसल यांना संयुक्तपणे हा मान मिळाला. परांजपे हे पहिले भारतीय सिनियर रँग्लर ठरले. ही उपाधी महाराष्ट्राने त्यांच्या नावाआधी जोडली, ती कायमचीच.

मग फेलोशिप कुठे आली?

आपल्याकडे फेलोशिप म्हटले की पीएचडी करताना मिळणारे मासिक विद्यावेतन आठवते. केंब्रिजमध्ये या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे फेलो म्हणजे महाविद्यालयाचा सदस्य. नवे फेलो महाविद्यालयच निवडते. कोणाला नेमायचे, पैसा कुठे खर्च करायचा, विद्यार्थ्यांची सोय कशी लावायची, अशा कारभाराची सूत्रे याच अध्यापक मंडळींच्या हाती असतात.

१९०१ मध्ये परांजपे सेंट जॉन्सचे फेलो झाले. याच काळात त्यांनी पॅरिस आणि जर्मनीतील गटिंगेन येथेही अभ्यास केला. गटिंगेन तेव्हा जगातील गणिताची पंढरी होती. फेलिक्स क्लाइन आणि डेव्हिड हिल्बर्ट तिथे शिकवत होते. पंचविशीतल्या गणितज्ञाला याहून चांगली सुरुवात मिळणे अवघड होते.

ते परत का आले?

केंब्रिजमधल्या यशानंतर त्यांना चांगल्या पगाराची सरकारी नोकरी मिळणे कठीण नव्हते. त्यांनी मात्र डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व स्वीकारले. या सदस्यत्वाची अट कडक होती : २० वर्षे सेवा आणि महिना ७५ रुपये वेतन. गोपाळ कृष्ण गोखले यांनीही याच अटीवर उमेदीची वर्षे फर्ग्युसनला दिली होती.

१८८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची रचना इथे समजून घ्यायला हवी. सोसायटीचा दैनंदिन कारभार आजीव सदस्य पाहत आणि हे सदस्य स्वतः शिक्षक होते. वर्गात शिकवणारी माणसेच वसतिगृहाचे हिशेब पाहत, देणग्या मागायला गावोगाव फिरत, इमारती उभ्या करत आणि आपल्यातूनच प्राचार्य निवडत. म्हणजे केंब्रिजचे फेलो आणि पुण्याचे आजीव सदस्य यांच्यात पैशाचे अंतर प्रचंड असले, तरी तत्त्व एकच होते : शिक्षणसंस्था शिक्षकांनी चालवायची. परांजपे यांनी दोन्ही व्यवस्था आतून पाहिल्या.

२६व्या वर्षी प्राचार्यपद कसे मिळाले?

वामन शिवराम आपटे, गोपाळ गणेश आगरकर आणि महादेव शिवराम गोळे यांच्यानंतर १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्यपद परांजपे यांच्याकडे आले. त्याच वर्षी गोखले महाविद्यालयातून निवृत्त झाले. वयाने आणि अनुभवाने मोठे सहकारी असताना संस्थेने २६ वर्षांच्या तरुणावर भिस्त ठेवली. त्यांनी गणित शिकवणे सोडले नाही. प्राचार्यपद आणि तास दोन्ही चालू राहिले.

त्यांच्या कारकिर्दीत फर्ग्युसनचा विस्तार झाला. महाविद्यालयाची ओळख बनलेले अॅम्फीथिएटरही याच काळातले.

सगळे निर्णय कौतुकाचे होते का?

नाही. १९०५ मध्ये वंगभंगाच्या विरोधात पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्यात पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर फर्ग्युसनचे विद्यार्थी होते. प्राचार्य परांजपे यांनी त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने यावर सडकून टीका केली.

एका बाजूला देशभर पेटलेली स्वदेशी चळवळ होती, दुसऱ्या बाजूला सरकारी अनुदान घेणारे महाविद्यालय. परांजपे गोखल्यांच्या नेमस्त वळणाचे होते आणि त्यांचा निर्णय त्या वळणाला धरूनच होता. इतिहासाने पुढे सावरकरांची बाजू उचलून धरली आणि परांजपे यांच्या चरित्रात हा प्रसंग कायमचा चिकटला. संस्थाप्रमुखाच्या खुर्चीत बसल्यावर असे निर्णय टाळता येत नाहीत. त्याचे परीक्षण पुढच्या पिढ्याही करतात.

पुढे काय?

- १९१६ : कर्वे यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे (आजचे एसएनडीटी) पहिले कुलगुरू.
- १९२१ ते १९२३ : मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा १९२३ चाच. त्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे नेण्याची आणि सक्तीच्या शिक्षणाची वाट मोकळी केली.
- १९३२ ते १९३८ : लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू.
- १९४४ ते १९४७ : ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त.
- १९५६ ते १९५९ : पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. रुजू झाले तेव्हा वय ८० होते.

मुंबई, लखनौ, पुणे ही तिन्ही शहरे वेगळी आणि राजवटीही वेगळ्या, पण कामाची तालीम फर्ग्युसनमध्येच झालेली होती. १९६१ मध्ये ‘एटी फोर नॉट आउट’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ६ मे १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. कुटुंबनियोजनाच्या कार्यकर्त्या शकुंतला परांजपे या त्यांच्या कन्या, तर चित्रपट दिग्दर्शिका सई परांजपे या नात.

यात गमावले काय?

गणित. सिनियर रँग्लर आणि सेंट जॉन्सचा फेलो म्हणून ज्या संशोधनाची अपेक्षा होती, ते परांजपे यांच्या हातून उभे राहिले नाही. गटिंगेनमध्ये जे नवे गणित घडत होते, त्यात त्यांचे नाव पुढे दिसत नाही. प्रवेश, अनुदान, वसतिगृह, सिनेट आणि नंतर राजकारण यांनी ती वर्षे घेतली.

हा सौदा वाईट होता असे म्हणता येत नाही, कारण त्याच वर्षांत हजारो विद्यार्थी फर्ग्युसनमधून शिकून बाहेर पडले. पण तो सौदा होता, हे विसरूनही चालत नाही. चांगल्या संशोधकाला कार्यालयात बसवताना प्रत्येक विद्यापीठ तोच सौदा करत असते.

आजच्या नेतृत्व फेलोशिपपेक्षा वेगळे काय?

अमेरिकेत ‘अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन’ची फेलोशिप १९६५ पासून सुरू आहे. विद्यापीठ आपल्या प्राध्यापकाचे नाव सुचवते. तो दुसऱ्या संस्थेच्या प्रमुखासोबत राहून कारभार पाहतो आणि परत येऊन आपल्या संस्थेत ते वापरतो. भारतात केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘लीप’ हा कार्यक्रम जाहीर केला. सरकारी संस्थांतील दुसऱ्या फळीतील प्राध्यापक-अधिकाऱ्यांसाठी तीन आठवड्यांचे प्रशिक्षण, त्यातले दोन आठवडे देशात आणि एक परदेशात, अशी त्याची आखणी होती.

परांजपे यांच्या वाट्याला आलेल्या व्यवस्थेशी तुलना केली तर तीन फरक दिसतात.

पहिला फरक परतण्याच्या बांधिलकीचा. बाहेर शिकलेले त्यांना २० वर्षे एकाच संस्थेत वापरायचे होते. बदली किंवा नवी नोकरी यांत ते विरून जाणार नव्हते.

दुसरा अधिकाराचा. परत आल्यावर त्यांना अहवाल लिहायला सांगितले नाही, थेट महाविद्यालय हाती दिले.

तिसरा सोबतीचा. आजूबाजूचे सहकारी शिक्षकही कारभारात मुरलेले होते. नवा प्राचार्य चुकला तर त्याला सांगणारी माणसे स्टाफरूममध्येच बसलेली होती.

तीन आठवड्यांत अर्थसंकल्प, नियम आणि मूल्यांकनाची भाषा शिकता येते. पण प्राध्यापक त्याच्या विभागात परतल्यावर त्याच्या हाती एखादी समिती, थोडा निधी आणि चुका करायची मुभा येते का, हे प्रशिक्षण देणारी संस्था ठरवत नाही. ते त्याचे स्वतःचे विद्यापीठ ठरवते. १९०२ मध्ये फर्ग्युसनच्या शिक्षकांनी ते ठरवले होते.