पळसगावचा यशवंत

स्मरणिकेसाठी एका दिवंगत व्यक्तीची ओळख करून द्या, असं समितीने कळवलं. बहुतेकांनी आपल्या सरांवर, बाईंवर किंवा एखाद्या मोठ्या पुढाऱ्यावर लिहिलं असेल. मी एका साध्या शिपाईगड्यावर लिहिते आहे. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. आपल्या बॅचमध्ये निम्म्याहून अधिक मुलं कोकणातली. गणपतीला माणगाव, महाड, पोलादपूरकडे जाणाऱ्यांनी माणगावच्या तहसील कार्यालयाच्या आवारातला त्यांचा पुतळा पाहिला असेल. पण पुतळ्याखालचं नाव वाचून आपण पुढे जातो. म्हणून म्हटलं, या निमित्ताने त्यांची गोष्ट नीट सांगावी.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आमडोशीला झाला. आज आपण रायगड जिल्हा म्हणतो, तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. भाताचं एक पीक, चार महिने पाऊस आणि उरलेलं वर्ष हातावर हात. या पट्ट्यातल्या घरांतून मुलं मोठी झाली की दोनच वाटा असत: मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. यशवंत पलटणीत गेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं मुख्य केंद्र बेळगावला होतं, तिथेच रंगरूट तयार होत. ही रेजिमेंट १७६८ साली मुंबईत उभी राहिलेली, म्हणजे हिंदुस्थानी लष्करातल्या सगळ्यात जुन्या पलटणींपैकी एक. यशवंत तिच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते आणि बाविसाव्या वर्षापर्यंत नाईक झाले होते. नाईक म्हणजे दंडावर दोन फिती आणि हाताखाली आठ-दहा जणांची एक सेक्शन.

ही बटालियन त्या आधीच नाव कमावून बसलेली होती. मार्च १९४१ मध्ये आफ्रिकेत इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत इटालियन फौजेविरुद्ध घनघोर लढाई झाली, तेव्हा हायलँड लाइट इन्फन्ट्री ही स्कॉटिश पलटण आणि आपले मराठे त्याच उभ्या कड्यांवर लढले. मराठ्यांच्या या बटालियनचे तेव्हाचे कमांडर डेनिस रीड. तरुणपणी, पहिल्या महायुद्धात, ते सीफोर्थ हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीत होते. पुढे ते आफ्रिकेत शत्रूच्या हाती सापडले, इटलीतल्या कैदेतून निसटले आणि १९४४ मध्ये इटलीतच दहाव्या हिंदुस्थानी डिव्हिजनचे सेनापती म्हणून परत उभे राहिले. घाडगेंची बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती.

आता १९४४ चा उन्हाळा. ४ जूनला रोम दोस्तांच्या हाती आलं होतं. जर्मन सैन्य पळत नव्हतं. एकेक टेकडी, एकेक ओढा लढवत उत्तरेकडे सरकत होतं. रोममधून वाहणारी टायबर नदी जिथून येते, त्या वरच्या खोऱ्यात दहावी डिव्हिजन पुढे जात होती. ऑलिव्हच्या बागा, द्राक्षांचे मळे, टेकडीच्या माथ्यावर दगडी गाव आणि प्रत्येक बांधाआड एखादी मशीनगन. अशा मुलखात रणगाड्यांचा फारसा उपयोग नसतो. पायदळालाच चढून जावं लागतं.

१० जुलैला घाडगेंच्या कंपनीने शत्रूच्या एका पक्क्या ठाण्यावर हल्ला केला. त्यांची सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. काही क्षणांत सगळे सोबती मेले किंवा जखमी होऊन पडले. उभे राहिले एकटे घाडगे. मागून कुणी येणार नाही हे त्यांना दिसत होतं. जमिनीला चिकटून राहणं किंवा मागे सरकून कंपनीला कळवणं, यातलं काहीही केलं असतं तरी त्यांना कुणी बोल लावला नसता. पण त्या गनच्या टप्प्यात जखमी सोबती पडलेले होते आणि कंपनीची पुढची वाटही तिनेच अडवली होती. घाडगे क्षणभरही न थांबता सरळ गनच्या दिशेने धावले. आधी हातबॉम्ब टाकला. गन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाले. मग टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. तेवढ्यात गोळ्या संपल्या. नवीन मॅगझिन चढवायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक उलटी करून नळीला धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. ठाणं हाती आलं. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. वय बावीस वर्षं आणि जवळजवळ आठ महिने.

२ नोव्हेंबर १९४४ रोजी लंडनच्या गॅझेटमध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्याचं हे शौर्याचं सर्वोच्च पदक १८५६ पासून दिलं जात होतं, पण हिंदुस्थानी सैनिकांना ते १९११ पर्यंत मिळूच शकत नव्हतं. पदक घ्यायला पुढे गेली ती त्यांची विधवा पत्नी, लक्ष्मीबाई. बाकी लष्कराच्या कागदांत तिच्याबद्दल ओळीभरच मजकूर असतो. मला मात्र ही गोष्ट वाचताना दर वेळी टायबरपेक्षा तीच जास्त दिसते. कांस्याचा एक लहानसा क्रॉस आणि किरमिजी फीत हातात घेऊन गावी परतलेली बाई. नवऱ्याची समाधीही तिला नव्हती. घाडगेंची कबर किंवा चितेची जागा निश्चित नाही. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांच्या अखेरच्या जागेचा पत्ता नाही अशा चार हजारांवर सैनिकांच्या यादीत त्यांचं नाव कोरलेलं आहे.

इथे मला एक अवघड गोष्ट मांडायची आहे. आपल्या भागात २ जानेवारी म्हटलं की सिद्धगड आठवतो. माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील १९४३ साली त्याच दिवशी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांनी शहीद झाले. विजेचे मनोरे पाडून, साम्राज्याच्या युद्धाचे कारखाने बंद पाडायचे, हे त्यांच्या आझाद दस्त्याचं काम. आणि त्यानंतर दीड वर्षाने त्याच साम्राज्याच्या गणवेशात यशवंत घाडगे इटलीत पडले. कोतवाल कर्जतकडचे, घाडगे माणगावचे. दोघेही एकाच कुलाबा जिल्ह्याचे. मग शाळेत आपल्याला एकाचा धडा का आणि दुसऱ्याचं नावही का नाही?

या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही, आणि सोपं उत्तर देणाऱ्यांवर माझा फारसा विश्वासही नाही. घाडगे इंग्रजांसाठी लढले असं म्हणणं अर्धंच खरं आहे. ते ज्यांच्याविरुद्ध लढले, ती नाझी सत्ता जिंकली असती तर जगात कुणाचंच स्वातंत्र्य उरलं नसतं. पण हे युद्ध हिंदुस्थानवर इथल्या लोकांना न विचारता लादलं गेलं होतं, हेही तितकंच खरं. पंचवीस लाख माणसं त्या सैन्यात गेली, त्यांतली कित्येक घरच्या चुलीसाठी गेली. कोतवालांना आपला लढा कुणाशी हे स्वच्छ दिसत होतं, आणि त्यासाठी त्यांनी वकिली आणि घरदार सोडलं. घाडगेंना निवडीला फार वाव नव्हता. पण त्या टेकडीवरच्या काही क्षणांत जी निवड समोर आली, ती त्यांनी स्वतः केली, आणि ती कुठल्या राजासाठी नव्हती. सोबत्यांसाठी आणि पलटणीच्या नावासाठी होती, असं मला वाटतं. एकाला मान देण्यासाठी दुसऱ्याचा मान कमी करायची गरज नाही.

शिवाय आपण ज्या गावांत वाढलो ती गावंही त्याच युद्धाने घडवली. उल्हासनगर आधी गाव नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला तो कल्याण कॅम्प. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी त्या भरल्या. ८ ऑगस्ट १९४९ ला उल्हासनगर हे नाव मिळालं, तरी आजही आपण कॅम्प तीन, कॅम्प चार असंच म्हणतो. आपल्या वर्गातल्या अनेकांच्या आजी-आजोबांनी पहिला संसार थाटला तो सैनिकांच्या बराकीत. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचा भोंगा ऐकून घड्याळ लावणारी घरं आपल्यातच होती. युद्ध आपल्याला दूरचं वाटतं, पण आपल्या पत्त्यातच ते आहे.

घाडगेंची बटालियन स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्यात राहिली, काश्मीरमध्ये लढली आणि पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. म्हणजे त्या टेकडीवरचा वारसा तिरंग्याखाली चालू राहिला. इटलीत पन्नास हजारांवर हिंदुस्थानी सैनिक लढले, ५,७८२ तिथेच राहिले. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ त्यांना मिळाले. त्यांतला आणखी एक मराठी माणसाचा, नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांचा. ते मात्र सुखरूप घरी परतले.

इटालियन लोकही घाडगेंना विसरले नाहीत. जुलै २०२३ मध्ये पेरुजियाजवळच्या मोन्तोने या छोट्या डोंगरी गावाने त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं. तो पुतळा नाही, ते सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यावर आहे. मला ही कल्पना फार आवडली. सूर्यघड्याळाला ना चावी लागते ना बॅटरी. ऊन पडलं की ते वेळ सांगतं. पळसगावला जे ऊन पडतं तेच काही तासांनी मोन्तोनेला पडतं.

माझा मुलगा येत्या काही वर्षांत बावीस वर्षांचा होईल. सॉफ्टवेअरच्या नोकरीत रोज बावीस-तेवीस वर्षांची पोरं माझ्या टीममध्ये येतात. जेवणाचा डबा विसरतात, पहिल्या पगारातून आईला साडी घेतात. त्यांच्याकडे पाहिलं की घाडगे केवढे लहान होते हे कळतं.

मित्रमैत्रिणींनो, यंदाच्या मेळाव्यानंतर कोकणात जायचा बेत ठरतोच आहे. जाताना माणगावला अर्धा तास थांबू या. आणि २ जानेवारीला जमेल त्यांनी सिद्धगडालाही जाऊ या. मुलांना दोन्हीकडे न्यावं, दोन्ही गोष्टी सांगाव्यात. प्रश्न त्यांचे तेच विचारतील.